गार्डमामांचा वीतभर डबा

लग्नाची वरात असो, गणपती असो की कुणाची अंत्ययात्रा, आमचे घरमालक सगळ्यांच्या शेवटी चालायचे. मागे कुणी रेंगाळलं तर थांबायचे, त्याला पुढे घालायचे आणि मग स्वतः पाऊल उचलायचे. सख्ख्या पुतण्याच्या वरातीत लोक त्यांना पुढे घोड्याजवळ न्यायला आले, तर हात सोडवून घेत म्हणाले, "गार्ड मागंच असतो रं. मागं कोन नसला तर गाडी तुटली का धड हाय, कोन सांगनार?" मांडवात पोचेपर्यंत पंगत उठली होती. उपाशी घरी आले आणि मामींवर चिडले. मामी म्हणाल्या, "पंगतीला लाल बावटा दाखवायचा व्हता की."

आम्ही सगळे त्यांना गार्डमामा म्हणायचो. कर्जतला यार्डाच्या मागच्या अंगाला त्यांचं कौलारू घर होतं आणि पुढच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहत होतो. आमचे हे स्टेशनात तारबाबू. मी साताऱ्याकडची, नवी नवरी, तोंडाने फटकळ. घाटात तेव्हा अजून वाफेची इंजिनं होती. विजेच्या तारांचे खांब उभे करायला नुकती सुरुवात झाली होती. मामा त्याच सुमारास रिटायर झाले होते, आणि रिटायर झालेला माणूस दिवसभर घरात असला म्हणजे काय होतं ते मला पुरतं कळलं.

बूड म्हणून टेकायचं नाही या माणसाने! यार्डात मालगाडीची शिट्टी झाली की घास हातात तसाच ठेवून उठायचे, खिशातलं घड्याळ काढायचे, अंगणात जायचे. गाडी घाटाकडे वळेपर्यंत तिथेच. परत येऊन ताटावर बसतात तोवर दुसरी शिट्टी. मामी भात तीनतीनदा गरम करायच्या. मी एकदा म्हटलं, "मामा, गाडी तुमच्यावाचून जाते हो आता." तर माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी अभद्र बोलले.

त्यांचं काम मी यांच्याकडून समजून घेतलं होतं. कर्जतहून खंडाळ्याला चढणाऱ्या मालगाडीला पुढे इंजिन असायचं आणि मागून ढकलायलाही इंजिन. मागच्या इंजिनाच्या लगेच पुढे गार्डाचा डबा. घाट उतरताना त्या डब्यातलं लोखंडी चाक फिरवून ब्रेक आवळायचा, हात भरून येईपर्यंत. घाटासाठी हे डबे मुद्दाम जड बनवलेले होते आणि कर्जत-खंडाळा एवढीच त्यांची धाव. मामांनी जवळजवळ सगळी नोकरी त्यातल्या एकाच डब्यात काढली. बायकोपेक्षा त्या डब्यात जास्त राहिले असतील.

मे महिन्यात मुंबईचे जावई आले आणि त्यांनी नातवासाठी पत्र्याची आगगाडी आणली. किल्लीची, विलायती, चकचकीत. शेवटी लालभडक गार्डाचा डबा, त्याला रंगवलेली खिडकी, आणि खिडकीत रंगवलेला गोरा गार्ड, पिळदार मिशीवाला. मामांनी तो डबा उचलून डोळ्यांजवळ धरला. पोरगं वाट बघतंय.

"ह्यो गार्ड?" मामा म्हणाले. "ह्याच्या मिशीला मेन लावलंय. घाटात मेन ऱ्हातंय का मिशीला? आन ह्यो बसतो कुटं? चाक कुटं हाय? कंदील कुटं हाय? जावयबापू, ह्यो डबा खोटा हाय."

आणि खोटा म्हणून जप्त केला! पोराने आकांत मांडला. जावई ओशाळलेले, लेक रागावलेली, तर मामांनी खुंटीवरची आपली गार्डाची शिट्टी काढून पोराच्या गळ्यात घातली. पोरगं गप्प झालं आणि उरलेल्या सुट्टीभर आमचे कान गेले.

आता तो खोटा डबा खरा करायचा उद्योग सुरू झाला. पहिल्याच दिवशी मामांनी पत्र्याच्या गार्डाला खरवडून काढलं. मग छत्रीची तार कापून चढायच्या पायरीजवळचे दांडे केले. जुन्या घड्याळातलं चाक ब्रेकला लावलं. काड्यापेटीच्या लाकडाची बसायची पेटी झाली. मागचे लाल दिवे करायला लाल काच हवी, म्हणून आलेल्या कासाराला तासभर बसवून ठेवला आणि बांगडी न घेता तुटका तुकडा मागितला. कासार माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, ह्यांना बरं हाय ना?" मी म्हटलं, "विचारू नका."

रंगासाठी तर त्यांनी माझ्या स्वयंपाकघरावर धाडच घातली. सकाळी मी कंदिलाची काच पुसायला घेतली की दारात हजर. "वैनी, पुसू नका, पुसू नका!" काचेतली काजळी चाकूने खरवडून कागदाच्या पुडीत न्यायचे. जवसाचं तेल, गेरू, चुलीतली राख, चिंचेच्या पाण्यात भिजवलेले गंजके खिळे, सगळं त्यांच्या ओट्यावर वाट्यांत मांडलेलं असायचं. वाट्या माझ्या! एकदा तर चिंचेच्या कोळाची वाटी समजून मी गंजाचं पाणी आमटीत ओतलं. हे जेवताना म्हणाले, आज आमटी वेगळी लागतेय. मी ताक पुढे सरकवलं.

कशेळ्याच्या बाजाराहून एक ठाकूर मध, डिंक घेऊन दारावर यायचा. त्याच्याकडून मामांनी खारीच्या शेपटीचे केस मागवले आणि ते दोऱ्याने काडीला बांधून कुंचला केला. आमच्या ह्यांनाही वाटलं आपण हातभार लावावा. नेरळला कामाला गेले होते, तिथून लाल मातीची धूळ रुमालात बांधून आणली, डब्याच्या चाकांवर लावायला. मामांनी चिमूट उचलली, हुंगली आणि अंगणात फुंकून दिली.

"तारबाबू, ही माथेरानच्या गाडीची धूळ. माजा डबा नेरळला कवा गेला?"

आमचे हे हसले. मला मात्र राग आला. माझ्या नवऱ्याने एवढ्या हौसेने रुमाल खराब केला होता.

मामी या सगळ्याकडे बघून नुसत्या हसायच्या. बारीक चणीची बाई, बोलणं कमी, पण बोलली की नेमकं. त्यांचा संसार मला त्यांनीच एकदा तांदूळ निवडताना सांगितला. मालगाडी यार्डात थांबली की घाटाचा डबा पार शेवटी, फलाटापासून दूर. मामी भाकरी घेऊन खडीवरून चालत तिथवर जायच्या. मामा वर, डब्याच्या सज्जात. त्या खाली. भाकरी वर द्यायची, मागून इंजिन लागेपर्यंत बोलायचं, मग बावटा, आणि गाडी हलली. लेकीचं लग्न तिथंच ठरलं, म्हैस विकायची की नाही तेही तिथंच. सासू वारली ते मामांना तिथंच सांगितलं, आणि खाली उभ्या राहून सांगितलं.

"आणि घरी यायचे तेव्हा?" मी विचारलं.

"घरी नुस्तं झोपायला येयाचं गं पोरी. बोलनं समदं खाली उभी ऱ्हाऊन."

"मग वर चढायचंत एखाद्या दिवशी."

"येकदा म्हनलं, मला खंडाळ्याला न्या तुमच्या डब्यातनं. म्हनाले, बाईमानसाला हुकूम नाय. पाशिंजरमधनं नेलं. पन मला पाशिंजर बगायची नव्हती."

पावसाळा लागला आणि मामी पीठ चाळताना चाळणीच्या बाहेर हात फिरवायला लागल्या. जावयांनी मुंबईच्या डॉक्टरला दाखवलं. काचबिंदू म्हणाला. उशीर झालाय, उपाय नाही, दिवाळीपर्यंत जे काय बघायचं ते बघून घ्या. असं तोंडावर सांगितलं मेल्याने. परत आल्यावर मामी ओट्यावर बसल्या, आणि मामा उभे, नेहमीसारखे.

"काय बगायचंय तुला?" मामांनी विचारलं.

मामी म्हणाल्या, "लेकीचं तोंड बगून आले. गावची देवी बगीन. आन तुमच्या डब्यात आत काय हाय ते बगायचंय. तुमी चाकापाशी कसं उबं ऱ्हायचात, कंदील कुटं टांगायचात, जेवायचात कुटं बसून, मला काय म्हाईत नाय. माजी भाकर आत जायाची, मी बाहेर."

मामा घड्याळ काढून बघत राहिले. मग म्हणाले, "दाखवतो. दिवाळीच्या आत दाखवतो."

मला वाटलं, चला, बरं झालं, नेतील आता यार्डात. डबा घरातून दिसत होता. विजेची कामं सुरू झाल्यापासून घाटाचे जुने डबे कडेच्या रुळावर आणून उभे केले होते, मोडीत काढायला. मामांचाही त्यात होता, पार शेवटी. पण मामा उठले ते ओट्यावर जाऊन पत्र्याचा डबा घेऊन बसले.

मला राहवेना. मी पदर खोचून बाहेर आले. "मामा, अहो, खरा डबा तिकडे उभा आहे! मामींना धरून न्या, आत चढवा, दाखवा. एका दुपारचं काम!"

"पास हाय का?" मामा म्हणाले.

"कसला पास?"

"यार्डात जायाचा. रिटायर मानूस मी, माजंबी काम नाय तितं. आन बाईमानसाला गार्डाच्या डब्यात हुकूम नाय, वैनी. नियम म्हंजे नियम."

"मग तुम्ही रोज तिकडे काय करता?"

"कुंपनाच्या ह्या बाजूनं बगतो. रंग जुळवायला."

डोकं आपटावं कशावर! सगळा जन्म नियमाने काढला, आता बायकोचे डोळे चाललेत तरी नियम. मी ह्यांना म्हटलं, तुम्ही तरी सांगा. ह्यांनी सांगून बघितलं. मामा म्हणाले, "वीतभर डबा असा करतो का खऱ्यात आन त्यात फरक नाय ऱ्हानार. हातात घिऊन निवांत बगंल. खऱ्यात चढताना गुडघं दुखतील तिचं." त्यातलं शेवटचं वाक्य त्यांनी हळू म्हटलं.

सगळा पावसाळा ते येरझाऱ्या घालत होते. ओट्यावरून कुंपणापर्यंत, कुंपणावरून ओट्यावर. घोंगडी डोक्यावर घेऊन पावसात उभे राहून डब्याचा रंग डोळ्यांत भरून आणायचे आणि पळत येऊन वाटीत जुळवायचे. अर्ध्या वाटेत विसरला तर परत जायचे. मागचं इंजिन डब्याला टेकून ढकलायचं, म्हणून मागची भिंत पुढच्यापेक्षा काळी हवी. तिथे माझ्या कंदिलाची काजळी थरावर थर चढली. टपावर पाण्याचे ओघळ, बिजागरीखाली गंज, खिडकीखाली तंबाखूच्या पिचकारीचा डागसुद्धा घातला. मामी आतून विचारायच्या, "आवं, झाला का?" मामा वर कापड टाकायचे. "तपासनी ऱ्हायलीय. समदी गाडी तपासल्याबिगर बावटा नाय."

"जरा दाखवा की, असंल तसा."

"अर्धवट गाडी सुटत नाय."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावून कापड उचललं. मी कितीही चिडलेली असले तरी खोटं कशाला बोलू? माझ्या अंगावर काटा आला. खिडकीतून आत बघितलं तर चाक, चाकावर हात लागून लागून पडलेली झळाळी, कोपऱ्यात कंदील, पेटीवर फडक्यात बांधलेली भाकरी, हरभऱ्याएवढी. मी म्हटलं, "मामा, आत्ता दाखवा. आत्ताच्या आत्ता." म्हणाले, "उद्या दसऱ्याला. शेवटची तपासनी करून येतो."

आणि गेले कुंपणाशी. पाऊस जाऊन चार दिवस कडक ऊन पडलं होतं. परत आले ते तोंड उतरवून. चाकू घेतला आणि वीतभर डबा खरवडायला लागले. मी ओरडले, "अहो, काय करताय!"

"चुकला, वैनी. समदा चुकला. पावसाळाभर मी वला डबा बगून रंग जुळवला. वाळल्यावर त्यो काळा नाय. तपकिरी हाय, फिका. आमी उन्हाळ्यातबी गाडी चालवली की! नुस्ता पावसाळ्यातला डबा दाखवू तिला?"

"दाखवा पावसाळ्यातला! पावसाळ्यात काय डबा नव्हता?"

ऐकेल तर शपथ. पत्रा उघडा पडेपर्यंत खरवडत राहिले. मी आत जाऊन भांडी आपटली. दसरा तसाच गेला.

त्यानंतर काही दिवसांनी, दिवेलागणीला, मामी भिंतीला हात लावत माझ्या दारात आल्या. मी भाजी चिरत होते. म्हणाल्या, "अंधारात काय करतेस गं पोरी? कंदील नाय लावलास?"

कंदील लावलेला होता. माझ्या पुढ्यातच होता. मला वाटलं, काचेला काजळी धरलीय म्हणून. मामा पुसू कुठे देतात! मी झटकन काच काढली, हात भाजला, तरी पदराने खसाखसा पुसली आणि परत बसवली. सगळी खोली उजळली. मी म्हटलं, "आता, मामी?"

"आता काय?" त्या म्हणाल्या.

मी त्यांना धरून बसवलं. मला रडू आवरेना. त्याच माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

मामांना ह्यांनी जाऊन सांगितलं. मामांना खरं वाटलं की नाही देव जाणे. ते आणखी घाईने रंगवायला लागले, जसं काही अजून गाडी चुकलेली नाही. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. वाट्या मात्र त्यांनी मागितल्या की देत होते.

दिवाळीच्या पहिल्या पहाटे आंघोळी उरकल्यावर मामा डबा घेऊन मामींपुढे आले. आम्ही फराळाचं ताट द्यायला गेलो होतो. डबा तपकिरी, फिका, ऊन खाल्लेला, आणि मागची भिंत तशीच काळी. रंग अजून पुरता वाळला नव्हता.

"झाला," मामा म्हणाले. "तपासला. धर."

मामींनी हात पुढे केले नाहीत. "आवं, आता दाखवता व्हय?" एवढंच म्हणाल्या. आवाज चढवला नाही.

मग मामींनीच डबा मांडीवर घेतला. टपावरून बोट फिरवलं. खिडकीतून करंगळी आत घातली. "ह्ये चाक. ह्यो कंदील, व्हय ना? हितं टांगायचात? आन ही पेटी. ह्ये काय बारीक?"

"भाकर," मामा म्हणाले.

मामी हसल्या. मग बोटं पायरीजवळच्या दांड्यावर आली, त्या छत्रीच्या तारेवर, आणि थांबली. ओला रंग बोटाला लागून निघाला, खालची तार उघडी पडली. डब्याला कुणी बोट लावलेलं या माणसाला खपत नसे.

"ह्यो दांडा चुकला," मामी म्हणाल्या.

"चुकला? कसा चुकला?"

"हितं तुमी रंग दिलाय. हितं रंग नव्हता. माजा हात असायचा."

"काय तरी सांगू नकू. दांड्याला वरपासनं खालपरेंत रंग व्हता. मी हयात काढली त्या डब्यात."

"तुमी वरनं बगायचात."

मामा ताडकन उठले. मला वाटलं, आता चिडून आत जातील. त्यांनी खुंटीवरचा गार्डाचा जुना कोट आणि टोपी चढवली, मामींना दंडाला धरून उठवलं आणि म्हणाले, "चल. दावतो तुला." आणि आंधळ्या बायकोला दाखवायला हा माणूस यार्डाकडे निघाला, बिनपासाचा! आम्ही दोघं मागून.

कुंपणाच्या फाटकाशी राखणीला रेल्वेचा खलाशी होता. म्हणाला, "मामा, सन करायचा सोडून हिकडं कुटं? आन मामींना आत?"

"माज्यासंगं हाय ती," मामा म्हणाले. एवढंच. खलाशी बाजूला झाला.

खडी लागली तशी मामींनी मामांचा हात सोडला. त्यांच्या पायांना ती वाट माहीत होती. डब्यांच्या रांगेजवळून हाताने अंतर राखत गेल्या, शेवटच्या डब्याशी थांबल्या आणि उजवा हात वर केला. चाचपडल्या नाहीत. हात सरळ दांड्यावर पडला.

थोड्या वेळाने त्यांनी हात काढला. आम्ही वाकून बघितलं. सगळा दांडा रंगाचा, खाली गंजका, आणि मधे बरोबर मामींच्या मुठीएवढ्या जागेत रंगाचं नाव नाही. लोखंड नुसतं गुळगुळीत, लख्ख. मोडीत काढायला टाकलेल्या डब्यात तेवढंच चमकत होतं.

मामांनी टोपी काढली. त्या जागेवर त्यांनी स्वतःचा हात ठेवला, काढला, परत ठेवला. "मला दिसलं नाय गं," म्हणाले. "इतकी वर्सं. कदी दिसलंच नाय." आणि मग पायरीवर पाय ठेवून, वाकून, हात पुढे करून म्हणाले, "ये. वर ये. मी सांगतो तुला चढ. कोन काय बोलतो बगतो मी."

मामी खाली उभ्या होत्या, नेहमीच्या जागी. त्यांनी मान हलवली.

"आता काय बगू वर येऊन?" त्या म्हणाल्या. "चला घरी. चकल्या तळायच्यात."

मामा पायरीवर तसेच उभे राहिले. रडत होते, आणि यार्डात कोण बघतंय याची त्यांना पर्वा नव्हती. मग खाली उतरले. मामींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि आम्ही चौघं घरी निघालो. पुढे मामा.

वीतभर डब्याला त्यांनी पुन्हा कुंचला लावला नाही. दांड्यावरचा बोटाने पुसलेला रंग होता तसाच ठेवला. शिट्टी झाली तरी ताटावरून उठायचे नाहीत, कारण मामींना घास कुठे आहे ते सांगायचं असे. आमची बदली होईपर्यंत मी त्यांना रोज बाजारात जाताना बघत होते. मामा पुढे, मामी मागे, हात खांद्यावर. लोक विचारायचे, "काय गार्ड, आता पुढं?" ते मागे वळून मामींना बघायचे आणि मग पाऊल उचलायचे.

निघायच्या आधी मामींनी मला मामांचा एक सदरा शिवायला दिला. चांगला नवा होता, फक्त उजव्या खांद्यावर मूठभर जागेत कापड विरलं होतं. मी आतून ठिगळ लावायला घेतलं, तर मामा म्हणाले, "वैनी, ऱ्हाऊ द्या. तेवढं असू द्या."

मी सुई काढून घेतली.